संगणकाचा एसएमपीएस आणि मदरबोर्ड : खाचेत बसणे आणि जुळणे

हिंगोली आणि वाशिम या दोन जिल्हा ठिकाणांना जोडणाऱ्या रस्त्यावर, मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो त्या सीमेलगत कनेरगाव नाका हे गाव आहे. अशा बाजारगावांत संगणक आता नवलाचा राहिलेला नाही. शाळेत, बँकेत, ग्रामपंचायतीत, आपले सरकार सेवा केंद्रात आणि झेरॉक्सच्या दुकानात तो रोजच्या कामाला जुंपलेला असतो. सातबाऱ्यापासून पीक विम्याच्या अर्जापर्यंतची कागदपत्रे त्याच्यातूनच बाहेर पडतात. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतल्या एका पिढीला संगणक हाताळायला शिकवले आणि २०११ पासूनच्या ‘संग्राम’ प्रकल्पाने तो ग्रामपंचायतीच्या टेबलावर आणून ठेवला. मात्र या साऱ्या शिक्षणाचा भर संगणकाच्या वापरावर होता, आणि कॅबिनेटचे झाकण उघडल्यावर दिसणारा पिवळ्या, तांबड्या, काळ्या तारांचा गुंता हा दुरुस्ती करणाऱ्याचा प्रांत समजला गेला.

त्या गुंत्याचा उगम ज्या पत्र्याच्या पेटीतून होतो तिला बाजारात सर्वत्र ‘एसएमपीएस’ म्हणतात. वळवाच्या पावसात वीज कडाडली, फिडरवर बिघाड झाला, किंवा दिवसभर लाइटची ये-जा चालू राहिली, की संगणकातला सर्वांत आधी जाणारा भाग बहुधा हाच असतो, कारण घरातल्या वीजजोडणीला थेट भिडणारा भाग तोच आहे. मग हिंगोलीहून किंवा वाशिमहून, तिथे न मिळाल्यास नांदेडहून वा अकोल्याहून, दुसरा एसएमपीएस आणला जातो, त्याचे कनेक्टर मदरबोर्डवरच्या खाचांत दाबून पाहिले जातात आणि ते बसले की काम झाले असे मानले जाते. नवीन संगणक सुटे भाग घेऊन ‘असेंबल’ करतानाही हीच कसोटी वापरली जाते. वास्तविक कनेक्टर जुळला असे म्हणण्यासाठी तीन गोष्टी तपासाव्या लागतात : त्याचा आकार, त्यातल्या तारांचा क्रम, आणि त्या तारांमधून व त्यांच्या मागच्या पेटीतून किती प्रवाह सुरक्षितपणे मिळू शकतो ही क्षमता. खाचेत बसण्याने यांपैकी केवळ पहिली सिद्ध होते, आणि तीही नेहमी होतेच असे नाही.

एसएमपीएस म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय. महावितरणची वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी, म्हणजे एसी असते. संगणकाच्या आतील भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज लागते. हे रूपांतर करताना एसएमपीएस आधी आलेल्या विजेचे सुमारे ३२५ व्होल्टच्या डीसीत रूपांतर करतो, ती सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून पार करतो, आणि पलीकडे मिळालेला कमी दाब पुन्हा सरळ व स्थिर करतो. तोडण्या-जोडण्याचा वेग जितका अधिक तितका ट्रान्सफॉर्मर लहान चालतो, म्हणूनच काही शे वॉटची पेटी एका हातात मावते. आतली मोठी कपॅसिटर वायर काढल्यानंतरही काही काळ भारित राहतात; त्यामुळे एसएमपीएसची पेटी उघडणे हे ज्याला त्यातले कळते त्यानेच करावयाचे काम आहे.

बाहेर येणाऱ्या तारांचे रंग ठरलेले आहेत. पिवळी तार १२ व्होल्टची, तांबडी ५ व्होल्टची, नारिंगी ३.३ व्होल्टची, आणि काळी म्हणजे परतीची किंवा ग्राउंडची. यांखेरीज तीन तारा अशा आहेत की ज्यांच्यावाचून आजचा संगणक सुरूच होऊ शकत नाही. जांभळी तार संगणक बंद असतानाही ५ व्होल्टचा अल्प पुरवठा चालू ठेवते, ज्याला स्टँडबाय म्हणतात. हिरवी तार म्हणजे मदरबोर्डने एसएमपीएसला ‘चालू हो’ असे सांगण्याचा मार्ग, जी काळ्या तारेला जोडली गेली की पुरवठा सुरू होतो. आणि करडी तार म्हणजे सर्व दाब स्थिर झाल्याची एसएमपीएसने मदरबोर्डला दिलेली ग्वाही. पुढची बटनाची कळ दाबली की मुख्य वीज थेट जोडली जाते असा अनेकांचा समज असतो, परंतु ती कळ केवळ मदरबोर्डला सूचना देते आणि मदरबोर्ड हिरव्या तारेमार्फत पुढचे काम करून घेतो. याच कारणाने, कॅबिनेट उघडून कनेक्टर काढण्या-बसवण्यापूर्वी संगणक नुसता बंद करून भागत नाही; भिंतीवरचा प्लग काढून मदरबोर्डवरचा लहान दिवा विझेपर्यंत थांबावे लागते, अन्यथा जांभळ्या तारेतून वीज बोर्डवर खेळतच असते.

ही सारी रचना एका दिवसात ठरलेली नाही, आणि आज बाजारात दिसणारे निरनिराळे कनेक्टर हे तिच्या वाढीचे टप्पे आहेत. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आणलेल्या पहिल्या पीसीचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॉटचा होता आणि तो मदरबोर्डला सहा-सहा पिनांच्या दोन कनेक्टरांनी जोडला जाई. हे दोन्ही कनेक्टर आकाराने सारखेच असल्याने त्यांची अदलाबदल सहज शक्य होती, आणि अदलाबदल झाली की बोर्ड जळे. म्हणून दोन्हीच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींशेजारी याव्यात हा नियम त्या काळच्या प्रत्येक तंत्रज्ञाला पाठ असे. आकार जुळूनही क्रम चुकण्याचे हे पहिले आणि बहुधा सर्वांत खर्चिक उदाहरण असावे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचे मानक आणले आणि दोन कनेक्टरांच्या जागी २० पिनांचा एकच कनेक्टर आला. त्याच्या काही पिनांची छिद्रे चौकोनी आणि काहींची दोन कोपरे छाटलेली अशी ठेवल्यामुळे, शिवाय एका बाजूला खटका असल्यामुळे, तो उलटा बसू शकत नाही. स्टँडबाय पुरवठा आणि हिरव्या तारेने संगणक चालू-बंद करण्याची सोयही याच मानकाने सर्वत्र रूढ केली.

त्यानंतरचा बदल प्रोसेसरच्या भुकेमुळे झाला. प्रोसेसर स्वतः एक-सव्वा व्होल्टवर चालतो आणि त्याच्या शेजारची मंडले मोठ्या दाबाचे रूपांतर त्या लहान दाबात करतात. आधी हे रूपांतर प्रामुख्याने ५ व्होल्टपासून केले जाई. तथापि ६० वॉट शक्ती ५ व्होल्टने न्यायची तर १२ अँपिअरचा प्रवाह लागतो, तर १२ व्होल्टने न्यायची तर ५ अँपिअर पुरतात; आणि तारेत व पिनेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने हा फरक जवळजवळ सहापटीचा होतो. म्हणून २००० मध्ये, पेंटियम ४ येण्याच्या सुमारास, दोन पिवळ्या आणि दोन काळ्या तारांचा चार पिनांचा स्वतंत्र कनेक्टर केवळ प्रोसेसरसाठी देण्यात आला. नवशिक्याकडून सर्वाधिक वेळा विसरला जाणारा कनेक्टर हाच आहे : मुख्य कनेक्टर बसवला, पंखे फिरले, दिवे लागले, तरी पडद्यावर काहीच येत नाही, आणि मदरबोर्ड खराब निघाला असे समजून तो परत करण्याची तयारी सुरू होते.

२००३ मध्ये मुख्य कनेक्टर २० पिनांवरून २४ पिनांवर गेला. वाढलेल्या चार पिनांनी नवे काहीच आणले नाही. १२, ५, ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड यांची प्रत्येकी एकेक जादा तार एवढाच त्यांचा आशय आहे. ती जादा तार का लागली याचे उत्तर पीसीआय एक्सप्रेस या नव्या खाचेत आहे. ग्राफिक्स कार्डाची ही खाच एकूण ७५ वॉटपर्यंत शक्ती देऊ शकते आणि त्यातील १२ व्होल्टचा वाटा साडेपाच अँपिअरपर्यंत जातो, तर जुन्या २० पिनांच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टची तार एकच होती आणि अशी एक पिन साधारण सहा अँपिअरच्या आसपास थकते. त्याच तारेवर पंख्यांचाही भार येत असल्याने ती उघडच अपुरी होती.

हा हिशेब लक्षात घेतला की जुन्या एसएमपीएसचा २० पिनांचा कनेक्टर नव्या बोर्डच्या २४ पिनांच्या खाचेत लावावा का, या दुकानात नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. तो एका टोकाला धरून लावला तर बसतो, तारांचा क्रमही बरोबर राहतो, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा संगणक त्यावर बहुधा चालतोही. परंतु कार्ड बसवताच एकुलती पिवळी तार तापू लागते आणि काही महिन्यांनी तिथले प्लॅस्टिक तपकिरी झालेले दिसते. उलट, २४ पिनांचा कनेक्टर २० पिनांच्या जुन्या बोर्डला लावताना कोणताही धोका नाही, मात्र शेजारी एखादे कपॅसिटर उभे असेल तर बाहेर राहिलेल्या चार पिना त्याला अडतात. याचसाठी आता बहुतेक एसएमपीएसवर २० अधिक ४ असा सुटा होणारा कनेक्टर येतो.

प्रोसेसरच्या कनेक्टरबाबतही तोच विचार लागू पडतो. सर्व्हरसाठीच्या मानकातून आलेला आठ पिनांचा कनेक्टर आता घरगुती बोर्डांवरही असतो आणि तो ४ अधिक ४ असा दुभागता येतो. बोर्डवर आठ पिनांची खाच आणि एसएमपीएसला चारच पिनांचा कनेक्टर असेल, तर चार पिना योग्य बाजूला लावून ६५ वॉटच्या वर्गातला प्रोसेसर सामान्य कामात चालू शकतो, कारण त्याला साडेपाच अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो आणि तो दोन पिवळ्या तारांत वाटला जातो. तथापि अलीकडचे प्रोसेसर थोड्या वेळासाठी छापील आकड्याच्या कितीतरी वर शक्ती ओढतात, हे विसरून चालत नाही.

खरा घात मात्र दुसऱ्या आठ पिनांपाशी होतो. ग्राफिक्स कार्डासाठीही आठ पिनांचा कनेक्टर असतो, दिसायला तो प्रोसेसरच्या कनेक्टरसारखाच असतो, आणि त्यात १२ व्होल्ट व ग्राउंड यांच्या रांगा नेमक्या उलट असतात. एकात ज्या रांगेत पिवळ्या तारा आहेत त्या रांगेत दुसऱ्यात काळ्या. छिद्रांचे आकार वेगळे ठेवलेले असल्यामुळे चुकीचा कनेक्टर सहज आत जात नाही, पण स्वस्त मालातले मऊ प्लॅस्टिक अंगठ्याच्या जोराला दाद देते, आणि मग मोठा लघुपरिपथ होतो. चांगला एसएमपीएस अशा वेळी स्वतःला बंद करून घेतो. संरक्षणाचे मंडल गाळून किंमत उतरवलेल्या एसएमपीएसकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे : प्रोसेसरचा कनेक्टर ४ आणि ४ असा फुटतो, तर कार्डाचा ६ आणि २ असा. कार्डाच्या सहा पिनांवर ७५ वॉट आणि आठ पिनांवर १५० वॉट अशी मर्यादा मानकाने ठरवली आहे. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाबरोबर ६०० वॉटपर्यंत शक्ती वाहणारा, बारा जाड आणि चार बारीक पिनांचा नवा कनेक्टर आला, तो पुरता आत न बसल्यास वितळत असल्याच्या घटना त्याच वर्षी उघड झाल्या, आणि पुढच्या वर्षी बारीक पिना आखूड करून त्यात सुधारणा करावी लागली. पण ती महागड्या गेमिंग यंत्रांची गोष्ट असून सेवा केंद्राच्या टेबलापर्यंत अद्याप तिचा संबंध पोहोचत नाही.

मानक म्हणजे काय याचे उदाहरण कनेरगाव नाक्याला दूर शोधावे लागत नाही. या गावावरून जाणारा पूर्णा–अकोला लोहमार्ग २००८ च्या सुमारास मीटर गेजचा ब्रॉड गेज झाला, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळांच्या जागी १,६७६ मिलिमीटर अंतराचे रूळ आले, आणि तोवर दोन रुंदींच्या सांध्यावर उतरून गाडी बदलणे प्रवाशांच्या अंगवळणी पडलेले होते. रुळांची रुंदी जुळली नाही तर गाडी मुळात रुळावर चढतच नाही, त्यामुळे विसंगती झाकून राहू शकत नाही. कनेक्टरच्या बाबतीत मात्र प्लॅस्टिक जुळते आणि आतला क्रम जुळत नाही, अशी स्थिती शक्य असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. १९९६ ते २००० या काळातील डेलच्या अनेक संगणकांत अगदी हेच होते. त्यांच्या मदरबोर्डवरची खाच एटीएक्ससारखीच दिसे, बाजारातला साधा एटीएक्स एसएमपीएस तीत बसेही, परंतु तारांचा क्रम कंपनीने स्वतःचा ठेवलेला असल्याने कळ दाबताच बोर्ड, एसएमपीएस किंवा दोन्ही निकामी होत.

आजच्या कंपनी यंत्रांत ही विसंगती निदान लपलेली नसते, मात्र ती अधिक पसरलेली आहे. मोठ्या शहरांतल्या कार्यालयांनी चार-पाच वर्षे वापरून काढून टाकलेले डेल, एचपी आणि लेनोवोचे डेस्कटॉप साफसूफ करून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकले जातात आणि नव्या असेंबल संगणकाच्या निम्म्या-पाऊण किमतीत मिळत असल्याने लहान गावांतल्या दुकानांना व शिकवणी वर्गांना ते परवडतात. यंत्र म्हणून ते टिकाऊ असतात. अडचण एसएमपीएस जळाल्यावर येते. डेलच्या ऑप्टिप्लेक्स मालिकेतील अनेक यंत्रांत मुख्य कनेक्टर ८ किंवा ६ पिनांचा असतो, लेनोवोच्या थिंकसेंटर मालिकेतील अनेकांत १४ किंवा १० पिनांचा, तर एचपीच्या कार्यालयीन यंत्रांत बहुधा ६ पिनांचा. या रचनांत एसएमपीएस जवळजवळ सगळी शक्ती १२ व्होल्टनेच पाठवतो, ५ आणि ३.३ व्होल्ट मदरबोर्ड स्वतः तयार करतो, आणि हार्ड डिस्कलाही वीज मदरबोर्डवरूनच निघते. तांत्रिकदृष्ट्या हा विचार चांगला आहे, इतका की इंटेलनेही १० पिनांच्या कनेक्टरचे आणि फक्त १२ व्होल्टचे एटीएक्स १२ व्हीओ हे मानक नंतर मांडले. परंतु प्रत्येक कंपनीने तो आपापल्या पद्धतीने राबवल्यामुळे हिंगोलीच्या दुकानातला २४ पिनांचा एसएमपीएस तिथे थेट लागत नाही.

यावर उपाय म्हणून २४ पिनांपासून १४, १०, ८ किंवा ६ पिनांवर नेणाऱ्या कन्व्हर्टर केबल ऑनलाइन मिळतात, आणि त्या घेताना नेमके काय पाहावे हे विक्रीच्या पानावर क्वचितच लिहिलेले असते. सर्वांत महत्त्वाचा मुद्दा स्टँडबायचा आहे. बाजारातला एटीएक्स एसएमपीएस जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट देतो, तर काही कंपनी यंत्रांना स्टँडबायलाही १२ व्होल्टच्या आसपास लागतात. तिथे नुसत्या तारा जोडलेली केबल उपयोगाची नसते आणि ५ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारे छोटे मंडल असलेला कन्व्हर्टरच घ्यावा लागतो. म्हणून केबल मागवताना पिनांची संख्या सांगून थांबू नये, तर यंत्राचा पूर्ण मॉडेल क्रमांक सांगावा. एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या यंत्रांत पिना तितक्याच आणि क्रम निराळा, असेही आढळते. शिवाय या यंत्रांची पेटी बुटकी असेल तर १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच असा प्रमाण एटीएक्स एसएमपीएस तिच्यात मावत नाही आणि तो बाहेर टेबलावर ठेवून झाकण उघडे ठेवण्याचा जुगाड करावा लागतो, जो धुळीच्या आणि पालींच्या प्रदेशात फार काळ टिकत नाही.

आकार आणि क्रम जुळल्यावर उरतो तो क्षमतेचा प्रश्न, आणि इथे खोक्यावरचा ठळक आकडा पुष्कळदा दिशाभूल करतो. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो व त्यात प्रत्येक दाबापुढे अँपिअर दिलेले असतात. आजचा संगणक मुख्यतः १२ व्होल्टवर चालतो, म्हणून त्या रकान्यातले अँपिअर १२ ने गुणावेत. खोक्यावर ४५० लिहिलेले असून १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर असतील, तर उपयोगाची शक्ती १९२ वॉटच भरते; उरलेला आकडा ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांतून आलेला असतो, ज्यांची गरज पंचवीस वर्षांपूर्वीच्या रचनेला होती. तक्ताच नसलेला एसएमपीएस घेऊ नये, इतके या बाबतीत ठामपणे म्हणता येते. केवळ प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या कार्यालयीन संगणकाला १९२ वॉट पुरेसे असतात, त्यामुळे असा एसएमपीएस वर्षानुवर्षे चालल्याची साक्ष अनेक दुकानदार खरेपणाने देतात. त्याच्यावर ग्राफिक्स कार्ड चढवले की साक्ष बदलते.

क्षमतेला दुसरी बाजू आहे ती भिंतीकडची. जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसला २३० व्होल्टच्या स्थितीत साधारण १८० ते २६५ व्होल्ट एवढी कक्षा मानकाने दिलेली आहे. काहींच्या मागे ११५ आणि २३० असे लिहिलेली लाल खटक्याची कळ असते आणि ती भारतात २३० वरच असावी लागते. रब्बीच्या हंगामात पंप चालू झाल्यावर लाइट ‘डिम’ होते तेव्हा दाब या कक्षेच्या खालच्या टोकाला येतो. वीज क्षणभर गेली तरी एसएमपीएसने पूर्ण भारावर सुमारे १६ ते १७ मिलिसेकंद पुरवठा टिकवावा अशी अपेक्षा असते, परंतु हा साठा कपॅसिटरमध्ये असतो आणि तो दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० चे १८० झाले की साठा जवळजवळ साठ टक्क्यांवर येतो. यूपीएस मेनवरून बॅटरीवर जाण्यास काही मिलिसेकंद घेतो आणि घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर त्याहून बरेच अधिक. म्हणून ‘यूपीएस आहे तरी कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो’ या तक्रारीचे मूळ अनेकदा यूपीएसमध्ये नसून म्हाताऱ्या किंवा हलक्या एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये असते. याउलट काही महागडे, पॉवर फॅक्टर सुधारणारे एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायरीदार लहरींवर कुरकुर करतात. तेव्हा जुळणी केवळ मदरबोर्डशी करून पुरत नाही.

अर्थिंगचा विषय याला लागूनच येतो. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारी लहान कपॅसिटर असतात आणि ती फेज व न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याला जोडलेली असतात. तिसऱ्या पिनेला खरोखरची अर्थिंग असेल तर त्यातून येणारा सूक्ष्म प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटचा पत्रा निम्म्या दाबावर, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टच्या आसपास, लोंबकळत राहतो आणि हात लागताच झिणझिण्या येतात. प्रवाह अत्यल्प असल्याने माणसाला सहसा इजा होत नाही, पण प्रिंटर किंवा नेटवर्कची केबल जोडताना तोच प्रवाह बोर्डच्या नाजूक भागांतून वाट काढतो. एसएमपीएस बदलूनही ‘बॉडीला करंट येतो’ ही तक्रार जात नसेल, तर इलेक्ट्रिशियनला बोलावणे हाच योग्य मार्ग ठरतो.

अलीकडे मॉड्युलर एसएमपीएस मिळू लागले आहेत, ज्यांच्या केबल दोन्ही टोकांना सुट्या होतात. मदरबोर्डकडच्या टोकाला मानक आहे, एसएमपीएसकडच्या टोकाला कोणतेही नाही. त्यामुळे एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या, किंवा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मालिकेच्या, पेटीत बसते आणि हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या पिनेवर १२ व्होल्ट येऊन डिस्क माहितीसकट जाते. जुना मॉड्युलर एसएमपीएस काढताना त्याच्या केबलही त्याच्यासोबत काढाव्यात.

बदललेला एसएमपीएस तपासण्याची खेडोपाडी प्रचलित रीत म्हणजे मुख्य कनेक्टरमधली हिरवी आणि काळी तार वायरच्या तुकड्याने जोडणे आणि पंखा फिरतो का ते पाहणे. या रीतीने पेटी पूर्णतः मेलेली नाही एवढे कळते. मानकानुसार १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ व्होल्टच्या तारेवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट असावे लागतात, आणि तेही संगणक जोडून त्याला काम दिलेले असताना. साध्या मल्टिमीटरचे काळे टोक काळ्या तारेवर आणि तांबडे टोक कनेक्टरच्या मागच्या बाजूने त्या त्या तारेत घालून हे मोजता येते. नुसत्या पेटीवर १२.१ दाखवणारी तार प्रोसेसरवर भार पडताच ११.२ वर घसरत असेल, तर दोष कनेक्टरच्या ढिल्या पिनेत किंवा पेटीच्या आत आहे, आणि पंख्याला यातले काहीच कळत नाही, कारण १२ व्होल्टचा पंखा ९ व्होल्टवरही फिरतो.